मोठ्या मशीनचा शेवटचा जॉब

वीज कंपनीच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून लांब आणि दारापासूनही लांब अशा मधल्याच एका टेबलाशी एक गृहस्थ बसत असत. सारे त्यांना दुभाषी म्हणत. हे नाव कोणी ठेवले ते ठेवणाऱ्यालाही आता आठवत नव्हते, पण ते अंगाला असे बसले होते की पगाराच्या खिडकीतूनही त्याच नावाने हाक येई. काम तसेच होते त्यांचे. माणसाने मांडलेले यंत्राला कळेल असे करून द्यायचे, आणि यंत्र कुठे अडले ते माणसाला कळेल असे सांगायचे. दोन्हीकडचे बोलणे ज्यांना कळे, त्या दुभाषींशी मात्र दिवसाकाठी फारसे कोणी बोलत नसे.

कंपनीची माहिती दहा दिशांना पांगलेली होती. मीटर वाचणाऱ्यांकडे एक, तक्रारी घेणाऱ्यांकडे दुसरी, तारा ओढणाऱ्यांकडे तिसरी. ती गोळा करायची, गाळायची, हवी तिथे हव्या त्या रूपात पोचवायची. यासाठी एक सॉफ्टवेअर होते आणि त्यातल्या एकेका कामाला जॉब म्हणत. जॉब म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. डावीकडचा चौकोन माहिती आणतो, मधला तिच्यात बदल करतो, उजवीकडचा ती घेऊन जातो, आणि मधे बाण. चित्र किती का देखणे असेना, तेवढ्याने ते चालत नाही. त्याला कंपाइल करावे लागते, म्हणजे यंत्राच्या बोलीत उतरवावे लागते. न उतरवलेले चित्र म्हणजे मनातल्या मनात केलेली प्रार्थना. ती देवाला ऐकू जाते, यंत्राला नाही.

आणि उतरण्याच्या तऱ्हा तरी किती! सर्व्हर जॉब सर्वांत गरीब स्वभावाचा. बटण दाबले की सॉफ्टवेअर त्याला जागच्या जागी आपल्या घरगुती बोलीत उतरवी. चहाचा घोट घशाखाली जायच्या आत काम झालेले असे. मग तो एका वाटेने, एकेक ओळ हातात घेत, शांतपणे चालत राही. पॅरलल जॉबचा थाट वेगळा. तो एकाच वेळी अनेक वाटांनी धावणारा, म्हणून त्याची तयारीही मोठी. चित्रावरून आधी सूचनांची एक लांबलचक माळ तयार होई. पण मधल्या, बदल घडवणाऱ्या चौकोनाचे तेवढ्यावर भागत नसे. त्याचा वेगळा कोड लिहिला जाई, तो दुसऱ्याच एका कंपायलरच्या हवाली होई, आणि ते महाशय रुसत-फुगत, आपल्या सवडीने त्याला यंत्रभाषेत उतरवीत. तोवर पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरके. सीक्वेन्स हा नुसता मुकादम. स्वतः काडी उचलणार नाही. अमक्यानंतर तमक्याला सोड, हा पडला तर त्याला थांबव, एवढेच त्याला ठाऊक. मुकादमाला कंपाइल केले की मुकादम तयार होई. त्याच्या हाताखालचे जॉब जसे असतील तसेच राहत. त्यांना एकेकाला वेगळे कंपाइल करावे लागे.

या तिन्ही तऱ्हा दुभाषींच्या हाताखालच्या. पण त्यांचा जीव अडकला होता तो चौथीत.

मेनफ्रेम जॉबचे कंपाइल या कचेरीत होतच नसे. इथे चित्रावरून फक्त जुन्या कोबोल भाषेतला कोड तयार होई आणि तो कसा चालवावा याच्या सूचना. ते सारे दूरच्या गावी, कंपनीच्या जुन्या मोठ्या मशीनकडे रवाना होई. खरे उतरणे तिथे, चालणे तिथे, ठेचकाळणे तिथे. इकडचा पडदा "कोड तयार" एवढे सांगून मोकळा होई. पुढे त्याचे काय झाले? पोचला का? रुजला का? हे सांगायला पडदा पुरत नसे, माणूस लागे. असा एक माणूस त्या मोठ्या मशीनच्या खोलीत बसत असे. दुभाषी त्यांना मनातल्या मनात "पलीकडचे" म्हणत.

कितीतरी वर्षे झाली त्या गोष्टीला. दुभाषींनी नवा जॉब पाठवला होता आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून यंत्रांच्या घरघरीवर मात करणारा एक राकट आवाज आला.

"पाठवणी तुम्ही केलीत का हो? या नव्या जॉबची?"

"हो, मीच. पोचला ना?"

"पोचली. पण उंबऱ्यावरच अडखळून पडलीय. तारखेचा रकाना तुम्ही लांब धाडलात, आमच्याकडचा आखूड आहे. सासरी कसं नांदायचं तिनं?"

दुभाषींना हसू आवरेना. कचेरीत त्यांचे हसणे कोणी ऐकले नव्हते. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस दचकून बघू लागला.

"माहेरचंच चुकलं म्हणायचं," दुभाषी म्हणाले.

"माहेरचंच! सासरला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय."

त्या दिवसापासून तीच बोली पडली. जॉब पाठवला की दुभाषींचा कान फोनकडे लागे. तिकडे कोड उतरला, चालला, की फोन येई आणि आवाज एकच शब्द म्हणे, "नांदतेय." मग त्या एका शब्दामागे आणखी दोनचार येत. आमच्याकडे आज ढग आहेत, उद्या तुमच्याकडे येतील. मशीनची खोली इतकी गार की बाराही महिने स्वेटर घालावा लागतो, घरी सून हसते. रक्तदाबाची गोळी विसरलो. तुमचं जेवण झालं का? हा शेवटचा प्रश्न दुभाषींना दुसरे कोणीच विचारत नसे. या दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नव्हते, अहो-जाहो कधी सोडले नव्हते, कामाशिवाय फोन कधी केला नव्हता. पण वाईट बातमी सांगण्याआधी पलीकडचे दोनदा खाकरतात, एवढे दुभाषी जाणत होते; आणि इतके बारकावे आपण ज्याचे जाणतो, असा माणूस या पृथ्वीवर त्यांना आता एकच उरला होता.

कारण आई गेली होती. लग्न राहून गेले होते. आईच्या आजारपणात ते मागे पडत पडत कधी दिसेनासे झाले, त्यांनाही कळले नाही. दोन खोल्यांचे घर. आईच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली, आणि कचेरीतून आल्यावर दिवा लावताना "आलो गं" म्हणायची सवय तेवढी उरलेली. शनिवारी दुपारी कचेरीचे दार बंद झाले की सोमवारपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटायचे कारण नसे. म्हणून रविवारी संध्याकाळी ते खाली उतरत, कोपऱ्यावरच्या दुकानात जात आणि साबणाची वडी घेत. साबण संपलेला नसे. पण वडी पुढे सरकवताना दुकानदार विचारी, "आणखी काही?" ते दोन शब्द ऐकायला ते जात.

धाकटी बहीण कधीमधी भेटायला येई. एकदा तिने कपाट उघडले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, हे काय रे? दुकान घालतोयस का साबणाचं?"

"स्वस्त मिळाले."

"स्वस्त मिळाले म्हणून कोणी एवढे घेतं? जन्मभर धूत बसलास तरी उरतील. बरं, बोलतोस कोणाशी दिवसभर?"

"ऑफिसात असतात की माणसं."

"असतात रे. मी बोलतोस का विचारलं."

दुभाषींनी तिच्यासाठी चहा टाकला, आणि तो उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे फार लक्ष देऊन पाहत राहिले.

अशी ही चाललेली गाडी. मग एका सकाळी खात्याच्या मॅडम त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. वयाने लहान, कामात चोख, मनाने मऊ. वाईट बातमी उभ्याने सांगू नये एवढी समज त्यांना होती.

"दुभाषीसर, मोठं मशीन बंद करायचं ठरलंय. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे मिळत नाहीत. तिकडचे सगळे जॉब इकडे पॅरलल करून घ्यायचे. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?"

"आणि तिकडची माणसं?"

"एकच तर आहेत. त्यांची निवृत्ती जवळच आलीय, मशीनबरोबरच त्यांनाही मोकळं करतील. का हो?"

"काही नाही. विचारलं आपलं."

काम सुरू झाले. दुभाषी एकेका मेनफ्रेम जॉबचे चित्र समोर घेत, तसेच पॅरलल चित्र रेखीत, कंपाइल करीत. पट्टी सरके, यश मिळे, मॅडम शाबासकी देत, आणि पलीकडून येणाऱ्या फोनांतला एक फोन कायमचा गळून पडे. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कौशल्याने, एकेक दिवा विझवत जायचे, आणि लोकांनी म्हणायचे वा, काय सफाईने विझवतात! देवा, अशी चाकरी तू कोणालाही देऊ नयेस.

होता होता एकच जॉब उरला. श्वासाच्या घरांचा. कंपनीला तारांची दुरुस्ती करायची असली की त्या भागाची वीज काही तास बंद ठेवावी लागे. ज्या घरी कोणी श्वासाच्या यंत्रावर असेल, तिथे आधी कळवायचे आणि बॅटरीची गाडी उभी करायची. अशी घरे निवडून काढणारा जॉब मोठ्या मशीनवर होता. दुभाषींनी त्याचे पॅरलल चित्र रेखले, एकदा कंपाइल करून पाहिले, आणि मग कामाची गती एकाएकी मंदावली. आज हा रकाना पुन्हा तपासतो. उद्या तो तपासतो. घाई कशाला? माणसांच्या श्वासाचा प्रश्न आहे. त्यांचे प्रत्येक कारण खरे होते, म्हणूनच कोणाला संशय आला नाही. एवढे सारे तपासून हवा होता तो फक्त आणखी एक फोन, हे त्यांना स्वतःला ठाऊक होते; पण ठाऊक असणे आणि स्वतःशी बोलणे यांत त्यांनी अंतर ठेवले होते.

त्यातच वरून नवा नियम आला. आजवर ज्यांच्या घरी श्वास देणारे यंत्र आहे तीच घरे धरत. आता हवेतून प्राणवायू काढून देणारे छोटे यंत्र ज्यांच्याकडे आहे तीही धरायची. चालू काम अजून मोठ्या मशीनवर, म्हणून दुभाषींनी तो बदल आधी मेनफ्रेम जॉबमध्ये केला आणि कोड धाडला. दुपारी फोन आला, "नांदतेय." ढगांची चौकशी झाली, जेवणाची झाली. मग त्यांनी पॅरलल चित्र उघडले. मधल्या चौकोनात तोच नियम घातला. जतन केले. आता फक्त कंपाइलचे बटण. पट्टी सरकेल, यश येईल, दोन्हीकडची घरे जुळवून पाहतील, आणि मोठे मशीन बंद. बोट बटणावर गेले आणि तिथेच राहिले. "उद्या," असे म्हणून त्यांनी पडदा मिटला.

उद्या मात्र बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. दोन दिवस दुभाषी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. इकडे मॅडमनी चित्र उघडले. नवा नियम जागच्या जागी, चित्र पुरे, अक्षर न अक्षर बरोबर. त्यांना वाटले, दुभाषीसरांचे काम, म्हणजे तयारच असणार. त्यांनी जॉब सीक्वेन्समध्ये लावला, सीक्वेन्स कंपाइल केला, कुठे कुरकुर नाही की तक्रार नाही, आणि दोन्हीकडची घरे जुळवून पाहायचे ठरवून टाकले.

तिसऱ्या दिवशी दुभाषी जिना चढून येतात तो मॅडम हसतमुखाने उभ्या.

"सर, खुशखबर! तुमचा शेवटचा जॉब लावला. सकाळी दोन्हीकडे चालवला, आजच्या गाड्या जुळल्यावरच सोडायच्या. जुळला की सुटलो आपण."

"कंपाइल केलात?" दुभाषींनी विचारले.

"केला ना, सीक्वेन्स केला."

दुभाषी तसेच पडद्याकडे वळले. ते काही म्हणणार, इतक्यात फोन वाजला. पलीकडचे दोनदा खाकरले.

"अहो, आमच्याकडे एक घर जास्त निघतंय. टेकडीच्या वाटेवरचं. एक म्हातारी बाई, घरी प्राणवायूचं छोटं यंत्र. तुमच्या नव्या पॅरलल पोराकडे ते घरच नाही. आणि त्या भागाची वीज आज दुपारी बंद व्हायचीय."

दुभाषींनी फोन कानाला तसाच ठेवून मॅडमकडे पाहिले. "आधी त्या घरी गाडी पाठवा. बाकी नंतर बोलू."

मॅडमनी तिथल्या तिथे गाडीवाल्याला फोन लावला, पत्ता दोनदा वदवून घेतला, गाडी निघाल्याची खात्री केली. मग त्या वळल्या. चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले होते.

"सर, खरं सांगा. या नव्या जॉबवर भरवसा ठेवू का मी? तुम्ही नको म्हणालात तर मी वर जाऊन भांडते. मोठं मशीन आणखी वर्षभर चालू ठेवू. सुटे भाग कुठून तरी आणू. तुमच्या शब्दावर आहे सगळं."

तुमच्या शब्दावर! आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे शब्द उतरवले, त्याच्याकडे आज त्याचा स्वतःचा एक शब्द मागितला जात होता. केवढे सोपे होते ते! "भरवसा नको," एवढेच म्हणायचे. खोटे कोणाला कळले असते? घर खरेच सुटले होते. वर्षभर फोन येत राहिला असता. वर्षभर कोणीतरी विचारले असते, जेवण झालं का? फोनमधून मोठ्या मशीनची घरघर येत होती आणि तिच्यामागे कोणीतरी श्वास घेत होते, वाट पाहत होते.

"मॅडम," दुभाषी म्हणाले, "जॉब चांगला आहे. चित्रात नियम आहे. पण नियम घातल्यावर तो कंपाइलच झालेला नाही. जतन केलेलं चित्र नवं, आणि चालला तो आधीचा, जुन्या नियमाचा. सीक्वेन्स कंपाइल केला तरी खालचा जॉब तसाच राहतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी धरून चालले की खालचे आपोआप होतात. विचारायला हवं होतं मी."

"तुम्ही विचारायची वेळ यायलाच नको होती. बटण मी दाबायला हवं होतं. चित्र पुरं झालं त्याच दिवशी."

"मग का नाही दाबलंत?"

दुभाषींनी पडद्यावर ते चित्र उघडले. मॅडमची नजर त्यांच्या कानाला चिकटलेल्या फोनवर गेली, तिथे जराशी थांबली, आणि त्यांनी पुढे काही विचारले नाही.

फोनमध्ये पलीकडचे हळूच म्हणाले, "मी ऐकतोय बरं का."

"हं."

"मग दाबा की आता. म्हातारीचं घर बाहेर ठेवून आपल्याला काय मिळणार?"

दुभाषींनी बटण दाबले. सूचनांची माळ गुंफली गेली, मधल्या चौकोनाचा कोड निघाला, दुसऱ्या कंपायलरच्या हाती गेला. पट्टी सरकू लागली. याआधी ती कितीदा सरकली असेल, पण इतकी सावकाश कधीच नाही आणि इतकी झरझरही कधी नाही. फोन कानाला तसाच. पट्टी टोकाला पोचली. जॉब उतरला. त्यांनी तो चालवला आणि निघालेली घरे पलीकडे धाडली. थोडा वेळ नुसती घरघर.

"जुळली," पलीकडचे म्हणाले. "टेकडीच्या वाटेवरचं घर आलं. सगळीच्या सगळी जुळली."

"झालं मग."

"झालं. तुमच्या हाताला यश आहे हो."

दुपारी वीज बंद झाली, टेकडीच्या वाटेवरच्या घरासमोर गाडी उभी होती, बाईंचे यंत्र एक क्षणही थांबले नाही. सारे कसे ठीक झाले. दुभाषींनी डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

मोठे मशीन बंद व्हायच्या दिवशी शेवटचा फोन आला. बोलण्यासारखे काम उरले नव्हते, म्हणून दोघे मशीनविषयीच बोलले. ते कोण घेऊन जाणार, खोलीचे पुढे काय होणार. मग पलीकडचे म्हणाले, "बरं आहे तर." त्या "बरं आहे तर"मध्ये निरोप होता. दुभाषींना ठाऊक होते, आता हा फोन खाली ठेवला गेला की या आवाजाला जगात पत्ता राहणार नाही. मागणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. आईसाठी औषध मागतानाही ते आधी माफी मागत.

"अहो," ते म्हणाले, "तुमच्या घरचा फोन नंबर द्याल का?"

"घरचा? कशाला? काही राहिलंय का कामाचं?"

"नाही. राहिलं काहीच नाही."

"घेऊन ठेवा तर," असे म्हणून पलीकडच्यांनी नंबर सांगितला. "पण मला फोनवर कामाशिवाय बोलता येत नाही बरं का. आधीच सांगून ठेवतो."

"मलाही येत नाही," दुभाषी म्हणाले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगावे? टेबलावरचा फोन तसा वाजे. हिशेबनिसासाठी वाजे, चुकून लागलेला वाजे. पॅरलल जॉब आपल्या अनेक वाटांनी धावत, एकदाही न अडखळता. दुभाषींचे काम इतके नीट चालले होते की त्यांच्याशी बोलायचे कोणाला कारणच पडेना. नंबर त्यांना पाठ होता. रोज मनात म्हणत, आज करू. मग विचारत, करून म्हणायचे काय? रविवार येई आणि ते जिना उतरून साबण आणायला जात.

एका रविवारी ते उतरले नाहीत. घरातल्या फोनसमोर खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला, कोणी नसताना दोनदा "हॅलो" म्हणून पाहिले, आणि नंबर फिरवला.

"हॅलो!" तोच राकट आवाज, फक्त मागे घरघर नव्हती, भांडी होती, माणसे होती.

"मी बोलतोय. कचेरीतला."

"अहो! बोला बोला. काय काम काढलंत?"

"काम काही नाही."

"हां." आणि मग, "हां हां." दोघेही थांबले. सांगितल्याप्रमाणे दोघांनाही येत नव्हते. तेवढ्यात तिकडे दारावर थाप पडली. "थांबा हं जरा, कोणीतरी आलंय," असे म्हणून पलीकडच्यांनी फोन बाजूला ठेवला.

दुभाषी थांबले. थांबणे त्यांना उत्तम येत होते. फोनमधून एक आख्खे घर ऐकू येऊ लागले. पाहुणे आले, खुर्च्या सरकल्या. कोणी पाढे म्हणत होते, आठाच्या पाढ्यावर अडत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. कोणीतरी हसले. चहा कोणाला, सरबत कोणाला. पलीकडच्यांचा आवाज त्या गर्दीत दोनदा उमटला आणि लांब गेला. दुभाषी डोळे मिटून ऐकत राहिले. फोन कानाशी असा धरून, की जणू तो हलला तर ते घर सांडेल.

मग एक बाईमाणसाचा आवाज जवळ आला. "हा फोन कोणाचा पडलाय?" लांबून कोणीतरी म्हणाले, "ऑफिसचा असेल, ठेव." आणि फोन ठेवला गेला.

घरात एकदम फार शांत झाले. दुभाषी हातातल्या फोनकडे पाहत राहिले. खाली दुकान अजून उघडे असणार. चपला दाराशीच होत्या. ते उठले, दारापर्यंत गेले, चपलेत एक पाय घातला. आणि तसेच, एका पायात चप्पल घालून, परत आले. त्यांनी पुन्हा नंबर फिरवला.

"हॅलो, कोण बोलतंय?" तीच बाई, सून असावी.

कोण बोलतंय? या प्रश्नाला आजवर त्यांच्यापाशी एकच उत्तर होते, कचेरीतला. पण तिकडची कचेरी आता नव्हती, मशीन नव्हते, पाठवायचा जॉब नव्हता.

"मी त्यांचा मित्र," ते म्हणाले.

"बाबा!" सून आत वळून ओरडली. "तुमच्या मित्रांचा फोन आहे!"

"मित्राचा?" लांबून तो आवाज आला, अगदी मनापासून चकित झालेला. "मला कुठला गं मित्र?"

दुभाषींनी ते ऐकले. पण त्यांनी फोन ठेवला नाही. पावले सावकाश जवळ आली.

"हॅलो? कोण?"

"मी."

मग पलीकडचे मोठ्याने हसले, हसता हसता खाकरले, आणि सुनेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही होय! मग खरं तेच सांगितलं की तिनं. थांबा, मी खुर्ची घेतो."